तीन हॉर्न, आणि मग एक

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मलाच ती अजून पटत नाही. मी खनिकर्म शिकले आहे. मातीचे उतार कधी आणि का घसरतात, हे मोजणं माझं काम. जे मोजता येत नाही त्याबद्दल बोलायची मला सवय नाही. तसं मी एकूणच कमी बोलते.

पण जे घडलं ते घडलं. आणि ज्याच्या जिवावर बेतलं, तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

रमजानचा शेवटचा आठवडा होता. खुरिबगाच्या पठारावरची एक फॉस्फेटची खाण. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथे आजही माणसं कामाला आहेत. पूर्वेचा भराव. सूर्य मावळायच्या जरा आधीची वेळ.

माझं नाव तौरिया. त्या खाणीत डंपर सुरक्षित चालतात की नाही, हे बघायची जबाबदारी माझ्याकडे होती. डंपर म्हणजे गावच्या रस्त्यावर वाळू टाकत जातात ते नव्हेत. आमच्या डंपरच्या चाकाशेजारी मी उभी राहिले, तर माझं डोकं जेमतेम चाकाच्या मध्यापर्यंत पोचतं. चालक शिडी चढून जातो आणि दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर बसतो. समोरचं त्याला लांबवर दिसतं. मागचं जवळजवळ काहीच दिसत नाही.

आरसे असतात, कॅमेराही असतो. पण फॉस्फेटची पांढुरकी धूळ दोन्हीवर अशी बसते, की चालक शेवटी कानांवरच विसंबतो.

खाणीतून निघालेली निकामी माती पूर्वेच्या भरावावर नेऊन ओतत. कडेला मातीचा बांध, त्याच्यापलीकडे खोल उतार. डंपर त्या कडेशी पाठमोरा न्यायचा. त्याची आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. मागे घेण्याआधी चालकाने तीन हॉर्न द्यायचे. कडेवर कायम एक बुलडोझर असायचा. बांध सारखा करणं, भेगा पडल्यात का बघणं, हे बुलडोझरवाल्याचं काम. तो कडा बघायचा आणि एक हॉर्न द्यायचा.

एक म्हणजे, ये, जागा आहे.

उत्तर आलं नाही तर मागे जायचं नाही. माल अलीकडे सपाटीवरच ओतायचा आणि निघून यायचं.

साधा नियम. माणसं त्यावर जगत होती.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास सगळ्यात वाईट. घसा कोरडा, डोकं जड, आणि प्रत्येकाला शेवटची खेप टाकून मोकळं व्हायची घाई. मग लार्बीचा आवाज रेडिओवर यायचा, "गाड्या लावा रे, वेळ झाली." लार्बी म्हणजे आमच्या नियंत्रण कक्षातला माणूस. सगळ्या गाड्या त्याला पडद्यावर दिसायच्या. त्याने सांगितलं की डंपर जिथल्या तिथे थांबायचे, इंजिनं बंद व्हायची, आणि सगळे खाली तंबूत हरीरा, म्हणजे उपास सोडायचं गरम सूप, प्यायला यायचे.

इतकी मोठी खाण, आणि एका क्षणात गप्प.

त्या शांततेची मला आधी कधी भीती वाटली नव्हती.

त्या मंगळवारी माझ्या भावाचा, शर्कीचा, डंपर भरावाच्या कडेवरून मागे गेला.

पूर्ण गेला नाही. मागची चाकं बांध फोडून रुतली आणि गाडी तिरकी होऊन अडकली. शर्कीला खरचटलंसुद्धा नाही. मी पोचले तेव्हा तो शिडीच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. हात त्याने काखेत दाबून धरले होते.

बुलडोझर तिथेच उभा होता. पण त्यात कोणी नव्हतं. बुलडोझरवाला बुअझा वेळ व्हायच्या आधीच तंबूत गेला होता.

"उत्तर नसताना मागे का घेतलीस?" मी विचारलं.

"आलं होतं उत्तर."

"कोणी दिलं? बुलडोझर रिकामा आहे."

"ते मला काय माहीत, लल्ला? मी तीन दिले, एक आला. मी घेतली मागे."

आमच्याकडे मोठ्या बहिणीला लल्ला म्हणतात, आणि आदराने इतर बायकांनाही, जसं पुरुषांना सी. कामावर तो मला असं कधी म्हणत नसे. त्या दिवशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुदीरने, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांनी, मला बोलावून घेतलं. "चौकशी तुम्हीच करा," ते म्हणाले. "भाऊ आहे म्हणून सूट नाही. तो खोटं बोलत असेल, तर त्याचा परवाना जाईल आणि नोकरीही. आठवडा संपायच्या आत मला तुमची सही हवी."

म्हणजे दोनच शक्यता होत्या. शर्की खोटं बोलत असेल, तर त्याच्या पोटावर पाय मलाच द्यायचा होता. आणि तो खरं बोलत असेल, तर...

तर कोणीतरी माणसांना कडेवर बोलावत होतं.

मी सुरुवात हम्मादपासून केली. हम्माद हा खाणीतला सगळ्यात जुना चालक आणि सगळ्यात मोठा टवाळ. त्या वेळी शर्कीच्या मागच्या डंपरमध्ये तोच होता.

"सी हम्माद, खरं सांगा. तुम्ही दिलात का तो हॉर्न?"

"मी? उपाशी पोटी माझ्या तोंडातून शिवी निघत नाही, हॉर्न कुठून निघणार?"

"मला माहीत आहे, तुम्ही लोक एकमेकांच्या वतीने उत्तर देता."

त्याचं हसू जरा कमी झालं. हे मला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं. बुअझा लवकर निघून जायचा. मग रांगेतला मागचा चालक पुढच्यासाठी एक हॉर्न देऊन टाकायचा. सपाटीवर माल टाकला की ती खेप धरत नाहीत, वर बोलणी बसतात. त्यापेक्षा सोबत्याची सोय करायची. ही त्यांची माणुसकी होती. इफ्तारला कोणाला उशीर होऊ नये म्हणून.

"देतो कधीतरी," तो हळूच म्हणाला. "पण त्या दिवशी नाही. कुराणाची शपथ. माझा हॉर्न जाड आहे, लल्ला तौरिया. डंपरचा आहे. तो आवाज बारीक होता."

"म्हणजे तुम्हीही ऐकलात?"

"ऐकला. आणि मला वाटलं, बुअझा परत आला वाटतं."

हम्माद शर्कीला सांभाळून घेत असेल का? दोघं रोज एका ताटात जेवतात. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने नजर चुकवली नाही. पण नजर न चुकवणारी माणसंही खोटं बोलतात.

मग मी बुअझाकडे गेले.

बुअझा तंबूमागे एकटाच बसला होता. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा माणूस. मला बघताच उठून उभा राहिला.

"लवकर का निघून जाता?" मी सरळ विचारलं.

"पाय दुखतात."

"पाय दुखतात म्हणून रोज सूर्य मावळायच्या आधी? बाकी दिवसभर दुखत नाहीत?"

तो पायांकडे बघायला लागला. मला वाटलं, पकडला. बुलडोझरची चावी तो तिथेच ठेवून जात असणार, आणि कोणीतरी चढून गंमत करत असणार.

"सी बुअझा, एक पोरगा मरता मरता वाचलाय."

"माहीत आहे मला." त्याने तंबूकडे पाहिलं. कोणी ऐकत नाही ना, याची खात्री केली. "हसणार नाहीस ना?"

"मी हसत नाही. तुम्ही मला ओळखता."

"मी हॉर्नवर बोट ठेवायच्या आत तो वाजायचा."

मी त्याच्या बोटांकडे पाहिलं.

"आधी वाटलं, बटण बिघडलं. मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, ठीक आहे. मग एकदा मला कडेवर भेग दिसली. मी उत्तर द्यायचं नाही ठरवलं. हात मांडीवर ठेवून बसलो. डंपरने तीन दिले आणि..."

"आणि?"

"आणि माझ्याच गाडीतून एक गेला. मी उडी टाकून ओरडत धावलो, म्हणून त्या दिवशी निभावलं. दिवसा होत नाही. सूर्य कलला की होतं. तेव्हापासून मी त्या वेळी तिथे थांबत नाही."

"हे तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत?"

"सांगून काय म्हणू? माझी गाडी माझं ऐकत नाही? मला घरी बसवलं असतं."

त्याचं बोलणं मला अर्धंच पटलं. काम टाकून जाणाऱ्या माणसाला याहून चांगली सबब कुठे मिळणार होती?

आता तुम्हाला वाटेल, मी सांगणार की त्या कडेवर पूर्वी कोणीतरी मेलं होतं.

कोणीही मेलं नव्हतं. मी सगळीकडे विचारलं. तो भराव नवा होता. त्याच्याखाली ना गाव होतं, ना कबर, ना विहीर. फक्त गवत आणि दगड.

याचाच मला जास्त त्रास झाला.

त्याच संध्याकाळी मी माझी जीप घेऊन भरावावर गेले. बुलडोझरपासून अंतर राखून उभी राहिले. रेडिओवर लार्बी म्हणाला, "गाड्या लावा रे, वेळ झाली." एकेक इंजिन बंद होत गेलं. पार खालच्या खड्ड्यातलं शेवटचं इंजिन थांबलं, आणि मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

वारा नव्हता.

समोर बुलडोझर. रिकामा. काचेतून मागचं आकाश आरपार दिसत होतं.

कोणीही तीन हॉर्न दिले नव्हते. तरीही...

एक आला.

बारीक, लांबट, जरासा फाटलेला.

मी धावत गेले. बुलडोझरच्या इंजिनावर हात ठेवला. गार होतं, कालपासून तो कोणी चालवलाच नव्हता. दरवाजा उघडला. आसनावर धुळीचा पातळ थर होता, कोणी पुसलेला नव्हता. त्यावर बोट फिरवलं तर माझ्या बोटाचीच पहिली रेघ उठली.

मी तिथेच उभी राहून कारणं शोधली. वायर चिकटत असेल. गार होताना लोखंड आवळतं, संपर्क होत असेल. शक्य आहे. मी बुलडोझरच्या बॅटरीची मुख्य चावी काढून घेतली. ती काढली की गाडीत वीज खेळतच नाही. हॉर्न नाही, दिवा नाही, काहीच नाही. चावी खिशात घातली आणि वर चेन लावली.

मग मी शर्कीला फोन केला.

"उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर भरावावर चल. रिकामा डंपर घेऊन. तू फक्त तीन हॉर्न द्यायचेस, मागे घ्यायचं नाही. उत्तर आलं तर ते मी स्वतः ऐकेन आणि तसं लिहून देईन. तुझी नोकरी वाचेल."

"आणि नाही आलं तर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे तुलाही वाटतं मी खोटं बोलतोय," तो म्हणाला.

"मला काहीच वाटत नाही. मला बघायचंय."

"अगदी बाबांसारखी बोलतेस. तेही मला सायकल कोणी मोडली ते असंच विचारायचे."

तो हसला. मीही हसले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भराव पायी तपासला. त्या वर्षी बऱ्याच वर्षांच्या दुष्काळानंतर पाऊस झाला होता, म्हणून मला कडेवर भरवसा नव्हता. भेग दिसली नाही. तरीही कडेपासून एका डंपरच्या लांबीइतकं अलीकडे मी पांढऱ्या दगडांची ओळ लावली. ही ओळ ओलांडायची नाही. शर्कीला उतरवून दाखवली. त्याने दोन दगडांवर पाय ठेवून पाहिलं आणि मान डोलावली.

सूर्य खाली आला. बाकीचे डंपर लार्बीने त्या दिवशी जरा आधीच थांबवले होते. बुअझा तंबूत होता, हम्मादच्या शेजारी बसलेला. मी स्वतः बघून आले होते. चावी माझ्या खिशात होती. चेनवरून हात फिरवला की तिचा आकार लागत होता.

मी शिडी चढून शर्कीच्या शेजारच्या आसनावर बसले. नवीन चालकाला शिकवणारा बसतो, त्या जागेवर. दोघांच्या मधोमध आणीबाणीचा ब्रेक असतो. मी रेडिओचा माईक उघडाच ठेवला, म्हणजे लार्बीलाही सगळं ऐकू जाईल आणि कक्षातल्या यंत्रावर ध्वनिमुद्रण होईल.

"लार्बी, ऐकू येतंय?"

"येतंय. लवकर आटपा, बाई. इथे हरीऱ्याचा वास येतोय आणि माझा जीव जातोय."

शर्कीने गाडी फिरवून कडेकडे पाठ केली. दगडांच्या ओळीच्या बरंच अलीकडे थांबवली. इंजिनाची घरघर सोडली, तर सगळी खाण गप्प होती.

"दे," मी म्हणाले.

त्याने तीन हॉर्न दिले.

आम्ही थांबलो.

काही नाही.

मी आरशात पाहिलं. बुलडोझर उजव्या हाताला होता, तसाच. त्याची सावली लांब होऊन कडेपर्यंत गेली होती. शर्कीच्या कपाळावर घाम होता. तो समोर बघत होता, माझ्याकडे नाही. मला त्याची कीव आली. मनात मी अहवालाचं वाक्य जुळवायला लागले होते, चालकाने थकव्याच्या भरात...

आणि मग...

एक हॉर्न आला.

बारीक, लांबट, फाटलेला. बुलडोझरकडून नाही. मागून. कडेच्या पलीकडून, आणि खालून. जिथे रस्ता नाही, जिथे उभं राहायला जागा नाही, त्या उतारावरून.

प्रतिध्वनी? तीन हॉर्नचा प्रतिध्वनी तीनदा येतो. एकदा नाही. आणि इतक्या वेळाने नाही.

मी शर्कीकडे वळले. मला म्हणायचं होतं, ऐकलं मी, ऐकलं, आता चल पुढे. पण घशातून आवाज निघाला नाही. एक अक्षरही नाही. हे मी पुन्हा सांगते. मी काहीही बोलले नाही.

शर्कीने मान हलवली. कोणी काही सांगितल्यावर 'बरं' म्हणून हलवतो, तशी.

आणि गाडी मागे घेतली.

घाबरून नाही. रोजच्यासारखी, सावकाश, सफाईदार. आरशातून दगडांची ओळ दिसेनाशी झाली. चाकाखाली एक दगड फुटल्याचा आवाज वर आमच्यापर्यंत आला. तो थांबला नाही.

माझा हात आपोआप गेला. आणीबाणीचा ब्रेक मी अख्ख्या अंगाचा भार टाकून ओढला.

डंपर हिसका देऊन थांबला. आसनाखाली काहीतरी हललं. गाडी नाही. जमीन.

"उतर," मी म्हणाले. आता आवाज फुटला.

अशा वेळी गाडी पुढे काढायचा मोह करायचा नसतो. आम्ही इंजिन बंद केलं, पुढच्या शिडीने उतरलो आणि पळालो. बरंच लांब गेल्यावर मागे पाहिलं. मागच्या चाकांमागची जमीन बांधासकट खाली सरकत होती. आवाज फार झाला नाही. गोणीतून धान्य सांडावं, इतकाच. सकाळी मी जिथे पायी फिरले होते, तिथे आता आकाश होतं.

डंपर काठावर तसाच उभा राहिला.

शर्की गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. मग त्याने मान वर केली. मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मागे घ्यायचं नाही म्हणाली होतीस ना?"

"हो. मग घेतलीस का?"

"का म्हणजे? तूच म्हणालीस!"

"मी काय म्हणाले?"

"'ये, शर्की, ये. जागा आहे.'" त्याने माझ्यासारखाच, हळू आणि नीट उच्चार करत म्हणून दाखवलं. "दोनदा म्हणालीस. मला वाटलं, तू आरशात बघून सांगतेयस."

"मी बोललेच नाही, शर्की."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आधी त्याच्या डोळ्यांत राग होता. मग तो गेला, आणि जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

काल मी हम्मादकडे असंच पाहिलं होतं. बुअझाकडेही.

कंबरेच्या रेडिओतून लार्बी ओरडत होता. "तौरिया! काय झालं? आवाज कसला आला?"

मी बटण दाबलं. "लार्बी, तुम्ही काय ऐकलंत? नीट आठवून सांगा."

"तीन हॉर्न. मग एक. मग तुझा आवाज, ये, जागा आहे."

"माझा आवाज?"

"मग कोणाचा, माझ्या सासूचा? रोज ऐकतो मी तुझा आवाज."

रात्री मी आणि लार्बीने ते ध्वनिमुद्रण लावलं. मुदीरही होते. शर्की दाराशी उभा होता, आत आला नाही.

त्यात लार्बीचं हरीऱ्याबद्दलचं बोलणं होतं. माझं "दे" होतं. तीन हॉर्न होते, स्वच्छ. त्यानंतर इंजिनाची घरघर. मग दगड फुटल्याचा आवाज.

मध्ये काहीच नव्हतं.

उत्तराचा हॉर्न नव्हता. माझा आवाज नव्हता. लार्बीने पुन्हा लावलं, आवाज वाढवून. काहीच नाही. तो माझ्याकडे न बघता उठला आणि पाणी पिऊन आला.

माझ्या खिशातली चावी मी टेबलावर ठेवली. कोणीच तिला हात लावला नाही.

मी अहवाल लिहिला. पावसाने भराव आतून कमकुवत झाला होता. हॉर्नची पद्धत अविश्वसनीय आहे, ती बंद करावी. कडेवर हिरवा आणि लाल दिवा लावावा. सूर्यास्ताच्या आधी आणि नंतर काही काळ भरावावर काम थांबवावं. चालकाचा दोष नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मुदीरने सही केली. शर्कीची नोकरी वाचली.

त्याने ती सोडली.

परवाना टेबलावर ठेवून तो निघाला, तेव्हा मी त्याच्यामागे गाडीतळापर्यंत गेले.

"ब्रेक मी ओढला, शर्की," मी म्हणाले.

"हो. हात तुझा होता, ते मी पाहिलं." तो थांबला. "आवाज कोणाचा होता?"

मी शिकले त्यात असा प्रश्न नव्हता.

पूर्वेचा भराव आता बंद आहे. नव्या ठिकाणी दिवे लागले आहेत. बुअझाची तक्रार नाही, हम्माद पुन्हा विनोद करायला लागलाय. तिथे कोणाला काही ऐकू येत नाही. मी विचारत असते.

हे सगळं मी इतके दिवस कुठेच लिहिलं नाही. लिहिते आहे ते ईदच्या दिवसामुळे.

ईदला शर्की आईला घेऊन बूजादला माझ्या घरी आला. बाबांची जुनी रेनो. आमची गल्ली अरुंद, गाडी मागे घेतच दारापर्यंत आणावी लागते. शिवाय त्या आठवड्यात नगरपालिकेने पाण्याच्या नळासाठी चर खणून ठेवला होता. मी बाहेर गेले आणि गाडीच्या मागे, चराच्या पलीकडे उभी राहिले. तळहात उभा धरला. थांब. एवढंच. तोंड मी उघडलं नाही. त्या दिवसापासून मी कोणालाही तोंडाने दिशा सांगत नाही.

गाडी सावकाश मागे आली. आणखी मागे आली. मी हात आणखी वर धरला.

आरशात मला त्याचे डोळे दिसले.

मग गाडी थांबली. इंजिन बंद झालं. शर्की उतरून मागे आला. मागचं चाक आणि चर यांच्यात वीतभर जागा होती. त्याने ती पाहिली. मग मला पाहिलं. मग माझ्या वर धरलेल्या हाताकडे.

"लल्ला, तू आत जा," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय गं तौरिया! एवढा खड्डा दिसत नाही का तुला? मघापासून पोराला 'ये, जागा आहे, ये, जागा आहे' काय चालवलंयस?"

मला सांगायचं होतं, की मी एक शब्दही बोलले नाही.

पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं... आणि बाहेर काय येईल, याची मला खात्री नव्हती.